ती वळणावर थांबते, मी पोचले की निघते

ताई,

माझं वय ३९. दोन वर्षांपूर्वी मैत्रिणीच्या नादाने माउंटन बाइक घेतली. ती सात वर्षं चालवतेय. दर रविवारी उजाडता उजाडता आम्ही दोघी घराजवळच्या टेकडीवरच्या ट्रेलवर असतो, दोन-अडीच तास. ती पुढे निघून जाते, वळणावर माझी वाट बघत थांबते, मी पोचले की "चल" म्हणून निघते. ती माझ्यापेक्षा उंच आणि दणकट आहे, बाइकही भारी आहे. हँडलवरचं बटण दाबलं की तिची सीट खाली जाते. माझी सीट खाली करायला क्लॅम्प सैल करावा लागतो, म्हणून मी ते करतच नाही. चाकांत हवा तीच भरते, दोघींच्याही सारखीच.

महिन्यापूर्वी घरी पोचायला दहा मिनिटं उरलेली असताना, शेवटच्या उतारावर दगडाची एक पायरी आहे तिथे, मी हँडलवरून पुढे फेकली गेले. हेल्मेट आपटलं, मनगट मुरगळलं. ती धावत परत आली, मला उठवलं आणि म्हणाली, "अगं, ब्रेक सोडायचा असतो तिथे. बाइकवर विश्वास ठेव." त्यानंतरचे तीन रविवार मी थापा मारून टाळले. मनगट काही उचललं की अजून दुखतं. आणि दोन महिन्यांनी एक शर्यत आहे, त्यात तिने जोडी म्हणून आमची नावं दिली आहेत. मी "हो" म्हणून बसलेय. आमची मैत्री कॉलेजपासूनची. तिला न दुखावता यातून बाहेर कशी पडू? की मी मुळातच भित्री आहे?

— मागचं चाक

•

प्रिय मागचं चाक,

मैत्रीचं नंतर बघू, आधी मनगट. पडताना आपण तळहात पुढे टेकतो आणि सगळा भार अंगठ्याच्या बाजूच्या एका छोट्या हाडावर येतो. ते हाड मोडलं तरी पहिल्या एक्स-रेत कधी कधी दिसत नाही, आणि माणूस "मुरगळलंय" म्हणून महिनाभर पट्टी बांधून फिरतो. अंगठा ताणून वर केला की मनगटापाशी एक खळगा पडतो. तिथे दाबून दुखत असेल तर याच आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांकडे जा. खळग्यात दुखत नसलं तरी जा, महिना होऊन गेलाय. आणि ते हेल्मेट आता बाद करा. बाहेरून साधा ओरखडा दिसत असेल, पण आतला फोम एकदा दबला की पुढच्या वेळी तो तुमच्या डोक्यासाठी दबायला शिल्लक नसतो.

आता एक कबुली. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना कान गरम झाले. कारण मी वळणावर थांबणारी होते.

माझीही एक मैत्रीण होती, माझ्याच नादाने बाइक घेतलेली. मी पुढे जायची, सावली बघून थांबायची, ती आली की निघायची. आपण किती समजूतदार, प्रत्येक वळणावर थांबतो, असं मला मनापासून वाटायचं. वर्षभराने तिचं येणं कमी झालं, मग बंद झालं, मग बाइक विकली गेली. आणि पुष्कळ दिवसांनी तिसऱ्याच एकीकडून मला कळलं, की अवघड उतार आला की ती खाली उतरून बाइक हाताने न्यायची आणि मला दिसायच्या जरा आधी पुन्हा चढून बसायची. दर रविवारी. मी वळणावर पाणी पीत उभी, आणि वीस-तीस मीटर मागे, झाडाआड, ती घाईघाईने पेडल शोधतेय! हे चित्र माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही.

तुम्हीही तसं करता का? पत्रात लिहिलेलं नाही, पण मला शंका आहे.

तुमच्या पडण्याबद्दल मैत्रीण जे म्हणाली ते बरोबर आहे, पण अर्धंच आहे. पायरीवरून पुढचं चाक खाली जातं तेव्हा अंगाचं वजन आपसूक पुढे येतं. त्याच क्षणी पुढचा ब्रेक करकचून धरला तर चाक जागच्या जागी थांबतं आणि आपण थांबत नाही. म्हणून वेग कमी करायचा तो पायरीच्या अलीकडे, आणि चाक उतरताना बोटं सैल. "ब्रेक सोड"चा अर्थ एवढाच. पण तो पायरीच्या आधी पाच मीटर कळायला हवा, पडल्यानंतर कळून उपयोग काय?

राहिलेलं अर्धं तुमच्या सीटमध्ये आहे. चढावर सीट उंच हवी, पाय जवळजवळ सरळ होईल इतकी, नाहीतर मांड्या भरून येतात आणि गुडघे कुरकुरतात. उतारावर तीच सीट वैरी होते. अंग खाली आणि थोडं मागे न्यायला जाल तर ती मध्ये येते, आणि मागचं चाक उसळलं की खालून ढकलून तुम्हाला हँडलच्या दिशेने पाठवते. तुमची मैत्रीण उताराच्या तोंडाशी नुसता अंगठा हलवते आणि सीट खाली. सात वर्षांत ती इतक्यांदा हे करून बसलीय, की आपण काही करतो हेच तिच्या लक्षात राहिलेलं नाही. तिच्या दृष्टीने दोघी एकाच पायरीवरून उतरल्या, एक पडली आणि एक पडली नाही. मग फरक उरतो कशाचा? विश्वासाचा! तुम्हीही ते मान्य करून टाकलंत.

क्लॅम्प सैल करून सीट चार-पाच बोटं खाली घेणं आणि पुन्हा आवळणं हे फार तर अर्ध्या मिनिटाचं काम. तुम्ही ते करत नाही, कारण ती खाली वाट बघत असते. माझ्या मते तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही आहे, आणि तुम्ही ती जाता जाता लिहिलीत. तिला थांबावं लागू नये म्हणून सीट वर राहिली. सीट वर राहिली म्हणून अंग पुढे राहिलं. अंग पुढे होतं म्हणून ब्रेक लावताच तुम्ही उडालात. भित्रेपणा यात कुठे आला? आला तो दगडाचा नाही, ताटकळत ठेवण्याचा.

हवेचंही तसंच. ती तुमच्यापेक्षा दणकट आहे. तिच्या वजनाला योग्य असलेली हवा तुमच्या चाकात कडक होते, मग टायर दगडावर बसण्याऐवजी टणाटणा उडतो आणि मुरमावर घसरतो. तुमच्या बाइकला ट्यूब असेल तर एकदम खूप कमी करू नका. हवा फार कमी झाली की दगडाच्या कडेवर ट्यूब रिममध्ये चेमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. दर वेळी दोन-दोन पीएसआय कमी करा, त्याच ओळखीच्या तुकड्यावरून जाऊन बघा, आणि टायर वळणावर लुळा वाटायला लागला की पुन्हा दोन वाढवा. जो आकडा जमेल तो बाइकवरच कुठेतरी लिहून ठेवा. पुढचं चाक मागच्यापेक्षा एखाद-दोन पीएसआय मऊ चालतं, कारण वजन मागच्या चाकावर जास्त असतं. ट्यूबलेस असेल तर आणखी खाली जाता येतं. पण पंप आता तुमच्या हातात हवा, हे पहिलं.

आणि ते थांबणं. याचा हिशेब कोणी करत नाही. समजा, एका फेरीत ती आठ ठिकाणी थांबते आणि दर वेळी तुम्हाला पोचायला तीन मिनिटं जास्त लागतात. म्हणजे तिला चोवीस मिनिटं विश्रांती मिळाली. तुम्ही पोचता, ती "चल" म्हणते. तुम्हाला मिळाली शून्य. दोघींतली जी दमलेली आहे ती एकदाही थांबलेली नाही, आणि जी ताजी आहे तिला वाटतं आपण दिवसभर थांबतच होतो. दोघीही आपापल्या जागी खऱ्या! मग शेवटच्या उतारावर, घर दहा मिनिटांवर असताना तुम्ही पडलात यात नवल काय? मनगटं आवळलेली, बोटं ब्रेकवर ताठरलेली, नजर चाकाच्या पुढे दोन हातांवर खिळलेली. दमलेला माणूस जवळचं बघतो. बघायचं असतं ते पायरी संपून वाट जिथे जाते तिथे.

म्हणून बदलायचं ते असं: तुम्ही पुढे, ती मागे. निदान अर्धी फेरी. हे ऐकून तुमच्या पोटात गोळा येईल, "माझ्यामुळे ती अडकेल" म्हणून. अडकू दे. माउंटन बाइकिंगमध्ये हळू जाणाऱ्याची बाजू घेणारा शिरस्ता आहेच. १९८८ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय माउंटन बायसिकलिंग असोसिएशनच्या ट्रेलवरच्या नियमांत, खाली येणाऱ्याने वर चढणाऱ्याला वाट द्यावी असं सांगितलेलं आहे. जो धापा टाकतोय त्याची लय मोडू नये, असा त्यामागचा साधा विचार आहे. मागे राहणाऱ्याला आणखी एक गोष्ट मिळते. तुमची मैत्रीण मागे आली की तिला तुमची सीट दिसेल, तुमचे ताठ कोपर दिसतील, तुम्ही ब्रेक कुठे धरता ते दिसेल. दोन वर्षांत तिने तुम्हाला बाइक चालवताना फारसं पाहिलेलंच नाही. वळणावर येऊन थांबताना पाहिलंय.

जिथे तिला पुढेच जायचं असेल, मोकळा उतार असेल, तिथे तिला जाऊ दे. जी जलद आहे तिला कायम दाबून ठेवलं की तीही आंबते, हे मी पुढच्या चाकाच्या वतीने सांगते. फक्त ती थांबेल तिथे घड्याळ तुम्ही पोचल्यावर सुरू होईल. तुम्ही पाणी प्याल, श्वास जागेवर येईल, मग "चल" तुम्ही म्हणायचं.

भित्रेपणाबद्दल विचारलंत. ज्या ट्रेलना दर्जा दिलेला असतो तिथे हिरवा गोल, निळा चौकोन, काळा डायमंड अशी चिन्हं असतात, बर्फावरच्या स्कीइंगकडून आलेली. तुमच्या टेकडीवर पाट्या नसतील, पण चिन्हं असतातच, तुमच्या पोटात. बाकीची वाट तुम्हाला हिरवी-निळी वाटते आणि ती एक पायरी काळी. तिथे उतरून बाइक हाताने खाली न्यायला काहीच हरकत नाही, आणि झाडाआड नाही, तिच्या डोळ्यांदेखत न्या. मग मनगट बरं झालं की एखाद्या दिवशी फक्त त्या पायरीसाठी जा, फेरीच्या सुरुवातीला, अंग ताजं असताना. आधी पायी उतरून बघा, चाक नेमकं कुठून जायला हवं. त्याआधी घराशेजारच्या एखाद्या वीतभर उंचीच्या कट्ट्यावरून उतरायची सवय करा. दोन्ही पेडल जमिनीला समांतर, टाचा जरा खाली, कोपर वाकलेले, बूड सीटवरून उचलून थोडं मागे आणि खाली. फार मागेही लटकायचं नाही, मग पुढच्या चाकावर वजनच राहत नाही आणि ते वळवलं तिकडे जात नाही. वीस वेळा उतरलात की अंग शिकतं. डोक्याला समजावण्यात वेळ घालवू नका, ते सगळ्यात शेवटी ऐकतं.

आता थापा. इथे मी तुमच्या बाजूने नाही. तीन रविवार तुम्ही तिला खोटी कारणं दिलीत, आणि वर शर्यतीला "हो" म्हणालात. तिला न दुखावण्यासाठी म्हणे! माझ्या मैत्रिणीनेही मला न दुखावण्यासाठीच काही सांगितलं नाही. मला एक वाक्य मिळालं असतं तर मी किती सहज बदलले असते, कारण मला ट्रेल हवा होता तसा तिचा सहवासही हवा होता. तेव्हा ते वाक्य मिळालं नाही, म्हणून आज मी रागावतेय, आणि तो राग थोडा तुमच्यावर निघतोय, हे मला कळतंय. तरी सांगते. तुमची मैत्रीण धावत परत आली होती. अशा माणसाला खरं सांगता येतं.

सांगायचं ट्रेलवर नाही. तिथे एकीचा श्वास फुललेला असतो आणि दुसरीला निघायची घाई असते. फोनवरही नको. दोघी बाइक धूत असाल, चेनला तेल घालत असाल, हात गुंतलेले असतील आणि एकमेकींच्या तोंडाकडे बघावं लागत नसेल, तेव्हा. सुरुवात पडण्यापासून करू नका, लगेच ती सल्ला द्यायला लागेल. म्हणा, "अगं, तीन रविवार मी खोटं बोलले. मनगट दुखतंय हे खरंच आहे, पण त्याहून खरं म्हणजे मला तुझ्या मागे धावायचा कंटाळा आलाय. तुझ्याबरोबर यायचा नाही आलेला." मग गप्प बसा. ती पहिल्यांदा बचाव करेल, "मी तर दर वळणावर थांबते!" म्हणेल. मीही हेच म्हणाले असते. तेव्हा चोवीस मिनिटांचा हिशेब सांगा.

शर्यतीचं उत्तर डॉक्टरांवर आहे. हाड मोडलेलं निघालं तर प्रश्नच मिटला, दोन महिन्यांत दगडधोंड्यांवर जायचं नाही. मनगट ठीक असेल आणि तुम्हाला मनातून जायचं नसेल, तरी आत्ताच सांगा, म्हणजे तिला दुसरी जोडीदार शोधायला वेळ मिळेल. आदल्या आठवड्यात आजारी पडू नका.

पण तुम्हाला थोडंसं जावंसं वाटत असेल (पत्रात तुम्ही शर्यतीला नावं ठेवलेली नाहीत, हे मी टिपून ठेवलंय), तर जोडीच्या शर्यतीबद्दल एक गोष्ट तिच्या कानावर घाला. दक्षिण आफ्रिकेत २००४ पासून केप एपिक नावाची शर्यत होते, आठ दिवसांची, दोघांच्या संघाची. तिथे जोडीदारांना एकमेकांपासून दोन मिनिटांच्या आत राहावं लागतं, त्याहून जास्त अंतर पडलं तर दंड होतो, आणि संघाची वेळ धरली जाते ती दुसरा जोडीदार रेषा ओलांडतो तेव्हाची. म्हणजे पुढच्याने कितीही उडी मारली तरी घड्याळ मागच्याच्या चाकावर थांबतं. तिथले जाणते खेळाडू चढावर मागच्याच्या श्वासाकडे कान लावून वेग ठरवतात. तुमच्या शर्यतीचे नियम काय आहेत ते वाचून घ्या. जोडी धरून चालायचं असेल, तर तुम्ही पुढे आणि ती मागे हा सराव तिलाही हवाच आहे.

आणि तिला निव्वळ वेगाचीच हौस असेल, तर त्याचीही सोय या खेळात जन्मापासून आहे. कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत १९७६ साली काही टाळकी जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरावरून खाली शर्यत लावायला लागली. त्या सायकलींना पेडल उलटं दाबून लागणारा ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात, असायचा. उतार इतका होता, की खाली पोचेपर्यंत हबमधलं ग्रीस जळून धूर व्हायचा आणि ते नव्याने भरावं लागायचं. म्हणून त्या वाटेचं नावच 'रीपॅक' पडलं. आजच्या माउंटन बाइकचं मूळ बरंचसं तिथलं. तर ती शर्यत एकेकट्याने सुटायची होती, घड्याळाविरुद्ध, थोड्या थोड्या वेळाने एकेक. कुणी कुणाच्या मागे धावायचं नव्हतं. महिन्यातला एक रविवार तिने तिच्या वेगाने, तिच्या तोडीच्या कुणाबरोबर मारावा आणि त्या दिवशी तुम्ही अंथरुणात लोळावं, असं ठरवलंत तरी मैत्रीला धक्का लागत नाही. माझं मत विचाराल तर दर रविवार हा मुळात फारच होतो.

उद्या एक काम करा. रंगीत चिकटपट्टी घ्या आणि सीटच्या नळीवर दोन खुणा करून ठेवा, वरची चढासाठी, खालची उतारासाठी. म्हणजे क्लॅम्प सैल केला की मोजत बसावं लागणार नाही. आणि उताराच्या तोंडाशी, ती खालून "झालं का गं?" म्हणून ओरडली, तर वरून "थांब" म्हणा.

डॉक्टर काय म्हणाले ते मला कळवा. तो खळगा दाबून बघितलात का?